मडगावच्या शेडमधली लाल स्टॉर्म

प्रश्न : ताई, मी कराडचा. वय ३६, बँकेत नोकरी. गेल्या महिन्यात मित्राच्या लग्नाला मडगावला गेलो होतो. तिथे एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाल रंगाची सॅन स्टॉर्म मोटार उभी दिसली. आठ वर्षं सुरू केलेली नाही. डाव्या दारापाशी तडा आहे, टप फाटलेला आहे. मालक वारले. धाकटा मुलगा १,२५,००० रुपये म्हणतो, थोरला मस्कतला असतो. आरसीची मुदत कधीच संपलीय. माझ्याकडे सगळे मिळून तीन लाख रुपये आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. गावच्या घरी गाडी ठेवायला जागा आहे. वडील एसटीत चालक होते, ३१ वर्षं. त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर गेली. त्यांना टप उघडून कुंभार्ली घाटातून न्यायची इच्छा आहे. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घेऊ का गाडी?

उत्तर : तुमचं पत्र हातात घेऊनच मी आमच्या शेडमध्ये गेले आणि माझ्या स्टॉर्मखाली शिरून टॉर्च मारून आले. आठवणीवर सांगण्यापेक्षा डोळ्यांनी बघून सांगितलेलं बरं.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. स्टॉर्म ही गोव्यात तयार झालेली, १९९८ साली बाजारात आलेली दोन माणसांची उघडी मोटार. अंग फायबरचं. पुढे रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, साधारण ६० अश्वशक्तीचं. आकडा लहान वाटेल, पण गाडी हलकी आहे. शिवाय जमिनीलगत बसून झाराप ते बांदा जाताना ५० च्या वेगालाही आपण पळतोय असं वाटतं. आपल्या मातीत तयार झालेली अशी गाडी पुन्हा झाली नाही असं मला वाटतं. म्हणून ती कुणी भंगारात घालायला निघालं की जीव तुटतो. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी जे सांगणार आहे ते प्रेम नाही म्हणून सांगतेय असं तुम्हाला वाटणार नाही.

१,२५,००० ला ही गाडी घेऊ नका.

आता का ते सांगते. मी माझी स्टॉर्म २०१३ च्या डिसेंबरात वास्कोहून ८५,००० ला आणली. तीही बंदच होती. रस्त्यावर यायला २२ महिने लागले. खर्चाची वही अजून आहे : फायबर आणि रंग ६४,०००, इंजिन ४७,०००, चासीचं वेल्डिंग २८,०००, सीटा आणि टप २६,०००. वायरिंग, ब्रेक, टायर, बॅटरी, कागद, टेम्पोचं भाडं धरून बेरीज २,५१,०००. यात माझी मजुरी शून्य आहे, कारण कुडाळला बाबांचं गॅरेज होतं आणि पाना माझ्या हातात नववीपासून आहे. तुम्ही प्रत्येक तासाचे पैसे देणार, तेही आजच्या दराने. गाडीला सव्वा लाख दिले तर तुमच्याकडे पावणेदोन लाख उरतात. तेवढ्यात ती अर्धी होईल. अर्ध्यावर थांबलेली गाडी विकायला काढली की मूळ किंमतही येत नाही, कारण सुट्या भागांची पोती बघून गिऱ्हाईक बिचकतं.

पण किंमत हा दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा कागदाचा, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

मालक वारले म्हणजे गाडी आज कायद्याने धाकट्याची एकट्याची नाही. आधी ती वारसाच्या नावावर चढायला हवी. त्याला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला लागतो आणि मस्कतच्या भावाची लेखी संमती लागते. मग आरसीचं नूतनीकरण. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवायची. २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीला या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, वर जीएसटी. उशीर झाला असेल तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे मोजावे लागतात, आणि इथे किती महिने चढलेत ते मडगावला जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही. त्यानंतर गोव्याची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि कराडला आल्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर व पर्यावरण कर. गाडीवर कधीकाळी कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. तुम्ही बँकेतले आहात, शेवटचा कागद हरवला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल का, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला ५० वर्षं पूर्ण व्हायला हवीत. सगळ्यात जुनी स्टॉर्मसुद्धा २०४८ पर्यंत त्यात बसत नाही.

म्हणून धाकट्याला शांतपणे एवढंच सांगा : दोघा भावांच्या सह्या होऊन गाडी नावावर चढली आणि एनओसी हातात आली की पैसे देतो. तोवर इसार म्हणून ५,००० च्या वर काही देऊ नका, आणि तेही पावती घेऊनच. तो कंटाळून नको म्हणाला तर तुमचा पैसा वाचला.

आता गाडीकडे येऊ. दाराजवळचा तडा तुम्हाला भीतीदायक वाटला, मला नाही वाटला. बिजागरीपाशी दाराचं वजन पडतं आणि तिथे फायबर चिरतं, हे नेहमीचं आहे. तो तडा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मात्र नेऊ नका. तो वरून लांबी (पुटी) भरेल, रंग मारेल, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तीच रेघ परत उठेल. मी माझी गाडी मालवणच्या एका होडी बांधणाऱ्याकडे नेली होती. त्याने तड्याच्या दोन्ही बाजू घासून उताराच्या केल्या, आतून फायबरच्या मॅटचे तीन थर रेझिनमध्ये बसवले, मग बाहेरून जेलकोट म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर. दहा वर्षं झाली, रेघ दिसत नाही. समुद्रात लाटा झेलणारं फायबर जो रोज करतो त्याला मोटारीचं दार जड नाही. फक्त काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. दमट हवेत रेझिन नीट वाळत नाही, चिकट राहतं, आणि त्यावर मारलेल्या रंगाला फोड येतात.

खरी भीती अंगाच्या आत आहे. फायबर गंजत नाही, त्यामुळे गाडी बाहेरून शाबूत दिसते आणि आतला लोखंडी सांगाडा खारी हवा खात बसतो. शेडची जमीन मातीची आहे की कोब्याची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मातीची असेल तर आठ पावसाळ्यांची ओल खालून वर गेलेली आहे. एक जाड स्क्रू-ड्रायव्हर न्या, गाडीखाली शिरा आणि त्याच्या मुठीने सांगाड्याच्या नळ्या ठोका, विशेषतः सस्पेन्शनचे ब्रॅकेट जिथे जोडलेत तिथे. ठण आवाज आला तर ठीक. भद्द आला तर त्याच जागी टोक दाबून बघा. आत गेलं तर उठा आणि घरी या. माझ्या गाडीत अशा दोन जागा निघाल्या. वेल्डरने नळी कापून नवी घातली, पण त्याआधी सगळी मापं घेऊन सांगाडा जिगवर, म्हणजे तो हलू न देणाऱ्या साच्यावर, बांधावा लागला, नाहीतर चाकं एका रेषेत राहत नाहीत. अशा दोनपेक्षा जास्त जागा निघाल्या तर तीन लाखांत ते काम बसणारं नाही.

इंजिन सुरू करायचा मोह तिथे कुणालाही होईल. धाकटा म्हणेल, "बॅटरी लावून बघूया की." लावू देऊ नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. अलगद फिरलं तर इंजिनात जीव आहे. टायमिंग बेल्ट मात्र बदलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. आठ वर्षं एकाच जागी वाकून बसलेल्या रबराचा भरवसा कोण देणार? टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे घाला. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फार दिवस टिकू देत नाही.

सुटे भाग ही या गाडीची कायमची अडचण. आपल्या रस्त्यांवरच्या नेहमीच्या गाड्यांत हे इंजिन नव्हतं, त्यामुळे दुकानात नाव सांगून काही मिळत नाही. पण हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये होतं. माझा टायमिंग बेल्ट आणि हेड गॅस्केट भाच्याने जर्मनीहून बॅगेतून आणलं. बेअरिंगची चिंता करू नका, त्यावर नंबर कोरलेला असतो आणि कोल्हापूरचा कुठलाही बेअरिंगवाला त्या नंबरावर माल देतो. ऑइल सील मापावर मिळतं : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. क्लच प्लेट घासली असेल तर नवं लायनिंग बसवून मिळतं. बाबा म्हणायचे, गाडीचं नाव विसर आणि मापपट्टी काढ. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

उरलेल्या निम्म्यांतल्या दोन गोष्टी मापपट्टीने सुटत नाहीत. समोरची काच आणि इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स. काचेला कोपऱ्यात चीर आहे का, बॉक्स जागेवर आहे का, त्याच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज आहे का, हे बघितल्याशिवाय किमतीचं बोलणंही काढू नका. माझ्या गाडीचा बॉक्स मी दुरुस्तीला एका शहरातल्या दुकानात दिला होता, तो त्यांनी हरवला. दुसरा मिळवायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी गाडी विकायचा विचार तीन वेळा केला. म्हणून तुम्हाला सांगते, मिळत नसलेली वस्तू गाडीपासून दूर जाऊ देऊ नका. दुरुस्ती करणाऱ्याला घरी बोलवा किंवा स्वतः समोर बसा.

आणि दिवे लागत नसतील तर घाबरू नका. लोखंडी गाडीत सगळं अंगच अर्थिंगचं काम करतं. फायबरच्या अंगातून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार असते आणि तिची टोकं काळी पडतात. पॉलिश पेपर घ्या, एकेक टोक उघडा, घासा, परत बसवा. हे काम तुम्ही स्वतः करू शकाल, आणि एका रविवारी मागचा दिवा पेटला की होणारा आनंद मी इथे लिहून सांगू शकणार नाही.

मग घ्यायची की नाही? कागद पुरे झाले, सांगाडा ठण वाजला, काच आणि बॉक्स शाबूत निघाले, तर ५०,००० सांगा आणि ६०,००० ला थांबा. यातलं एक जरी फसलं तर सोडा. आणि मधल्या काळात एखादी चालती स्टॉर्म दुप्पट पैशांत कानावर आली, तर मडगावची विसरून ती बघायला जा. तुमच्या तीन लाखांत चालती गाडी घेऊन ती जपणं बसतं, मेलेली उठवणं बसत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या पत्रात ती आहे. स्टॉर्ममध्ये बसताना माणूस खाली उतरतो आणि निघताना दोन्ही हातांवर जोर देऊन वर यावं लागतं. दोन्ही गुडघे बदललेल्या माणसाला ते झेपेल का, हे पैसे देण्याआधी कळायला हवं. वडिलांना घेऊन कुडाळला या. माझ्या गाडीत बसवून बघू. झेपलं तर किल्ली त्यांच्याच हातात द्या. ३१ वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला घाटात शेजारच्या सीटवर बसवू नका.

*

प्रश्न : मी इंग्लंडात लेस्टरला राहते. इथे एक १९७८ ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश मोटार, उघडी, काळ्या रबरी बंपरची, १,९०० पौंडांना आहे. विकणारा म्हणतो थोडा गंज आहे, बाकी इंजिन उत्तम. ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी (इथली दर वर्षीची गाडीची तपासणी) लागत नाही, रोड टॅक्सही नाही, मग काय बिघडलं, असं नवऱ्याचं म्हणणं. तुमचं?

उत्तर : तुमची अडचण वरच्या पत्राच्या बरोब्बर उलटी आहे. २००४ ते २००६ आम्ही वोल्व्हरहॅम्प्टनला होतो, तेव्हा दर शनिवारी मी एमजी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये जायचे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांच्या वर एमजीबी तयार झाल्या. १७९८ सीसीचं तेच इंजिन शेवटपर्यंत राहिलं. त्यामुळे वॉशरपासून अख्ख्या नव्या बॉडीपर्यंत सगळं आजही विकत मिळतं. म्हणून इंजिन उत्तम आहे या वाक्याला तिथे फार किंमत देऊ नका. इंजिन ही त्या गाडीतली स्वस्त गोष्ट. पत्रा महाग, आणि पत्रा कापून जोडणाऱ्याचा हात त्याहून महाग.

एमजीबीला खाली वेगळी चासी नाही. उघड्या गाडीला छपराचाही आधार नाही, त्यामुळे दारांखालच्या दोन सिल्स सगळा भार धरतात. ही सिल एकेरी नसते. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी, असे थर असतात. पैसे वाचवायला काही लोक सडलेल्या सिलवर नवा बाहेरचा पत्रा चिकटवतात आणि रंग मारतात. बाहेरून बघून ते ओळखू येत नाही.

म्हणून दार उघडून परत लावा आणि मागच्या बाजूची फट बघून ठेवा. मग मागच्या चाकापुढे, सिलच्या शेवटाशी जॅक लावून ती बाजू उचला. पुन्हा दार उघडा. फट कमी झाली, दार घासायला लागलं, तर गाडी मधोमध वाकतेय. १,९०० काय, ९०० लाही घेऊ नका. पुढच्या फेंडरचा खालचा कोपरा आणि सीटमागचा बॅटरीचा कप्पाही बघा. चुंबक बरोबर असू द्या. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी लांबी आहे.

एमओटीची सूट खरी आहे, पण ती गाडी सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. विकणाऱ्याला सांगा की घ्यायच्या आधी माझ्या खर्चाने एमओटी करून घेते. तो सरळ हो म्हणाला तर बोलणं पुढे न्या. रबरी बंपरच्या गाड्यांना लोक नाकं मुरडतात, कारण १९७४ च्या शेवटापासून त्यांची उंची वाढवली आणि वळणावर त्या जास्त कलंडतात. त्याचा तुम्हाला फायदाच आहे, भाव कमी सांगता येतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जास्तीचा गिअर, चालतो का तेही विचारा, लेस्टरहून मोटरवेने कुठेही जायचं तर त्याची गरज लागेल.

जाताना जॅक स्वतःचा न्या. जुने कपडे घाला, खाली झोपून बघावं लागेल. आणि गाडी आधीच धुऊन ओली ठेवलेली असेल तर त्या दिवशी बघूच नका. ओल्या पत्र्यावर रंगातले फोड आणि लांबीचे उंचवटे दिसत नाहीत. कोरड्या दिवशी, सकाळच्या उजेडात परत जा.